जुरीला न विचारलेला प्रश्न

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर विषय सांगितला, "निवृत्तीनंतरची मनःशांती." मी म्हटलं, भाऊ, तुमचा पत्ता चुकला. ते हसले. त्यांना वाटलं, हा विनय. डोक्याचे केस पांढरे, ब्रह्मपुरीत स्वतःचं घर, पोरगा नागपूरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, बायको धडधाकट. एवढं असलं की माणूस शांत असणारच, असं लोक धरून चालतात. मीही बरीच वर्षं तसंच धरून चाललो होतो. आता खोटं रेटायची ताकद अंगात राहिली नाही, म्हणून आहे ते लिहून देतो. नको असेल तर त्या जागी एखादी पाककृती छापा.

मी हिवतापाचा कर्मचारी होतो. म्हणजे घरोघरी जाऊन "कुणाला ताप आहे का" असं विचारायचं आणि असेल त्याचं रक्त घ्यायचं. नोकरीची बहुतेक वर्षं भामरागडच्या बाजूच्या जंगलात गेली. ज्या आरोग्य केंद्रात होतो त्याचं नाव लिहीत नाही. पाप माझं आहे, इमारतीचं नाही.

काम दिसायला सोपं. डाव्या हाताच्या अनामिकेला सुई टोचायची, पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा काचपट्टीवर घ्यायचा. एक जाड ठिपका, एक पातळ फराटा. जाड ठिपका कसा हवा, तर काचपट्टी छापील कागदावर धरली की खालची अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. जास्त जाड झाला तर धुताना निघून जातो, पातळ झाला तर जंतू सापडत नाहीत. आमच्या प्रयोगशाळेतला माणूस मोठा खवट होता, कुणाचं कधी कौतुक करायचा नाही. पण माझी पट्टी आली की म्हणायचा, "आली बुवा जेवनाची थाळी." तीस वर्षांत मला मिळालेलं बक्षीस एवढंच, आणि ते मी अजून सांगत फिरतो.

माडिया आदिवासींच्या गावांत माझं नाव पडलं होतं रक्तवाला. सुरुवातीला एका गावात मी नाल्यापलीकडे दिसलो की अख्खं गाव जंगलात पळायचं. एक म्हातारा तेवढा गुडघ्यांमुळे मागे राहायचा आणि दर खेपेला त्याचंच रक्त निघायचं. चौथ्या खेपेला तो भडकला. "बाकीचे पळून राह्यले म्हणून सारं रगत माह्यंच पेशीन का?" म्हणाला. दुसऱ्या एकानं आपली बकरी आणून माझ्यासमोर बसवली. तिलाही थंडी वाजून येते म्हणे. मी समजूत घालून थकलो, शेवटी बकरीच्या कानाचा थेंब घेतला, तेव्हा कुठं मालकानं आपलं बोट पुढं केलं. त्याला निघाला मलेरिया. बकरीची पट्टी मी पाठवली नाही, नाहीतर खवट्यानं मला जन्मभर सोडलं नसतं.

पुढं किट आलं. थेंब टाकला की पंधरा-वीस मिनिटांत तिथंच कळायचं, आणि मेंदूला जाणारा मलेरिया निघाला की गोळ्याही तिथंच सुरू करायच्या. तीन दिवसांच्या गोळ्या, वयाप्रमाणे वेगवेगळ्या रंगाचं पाकीट. नियम एकच, पण पक्का. तिन्ही दिवस गोळी कर्मचाऱ्यानं स्वतः जाऊन, आपल्या डोळ्यांदेखत गिळायला लावायची. पाकीट घरच्यांच्या हाती देऊन यायचं नाही. प्रत्येक घराच्या दारामागं एक तक्ता चिकटवलेला असे, त्यावर रोजच्या भेटीची खूण करायची.

आता आमची गोम सांगतो. पावसाळ्यात नाले भरले की रोज जाणं जमत नसे. मग आम्ही सगळेच पहिल्या दिवशी तिन्ही खुणा करून मोकळे व्हायचो आणि पाकीट आईच्या हाती द्यायचो. नाला भरलेला असताना सुरू झालेली सवय नाला उतरल्यावरही तशीच राहिली. कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. मलाही नाही.

त्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी एका एकवीस घरांच्या गावात होतो. सकाळी जुरीच्या पोराचं रक्त घेतलं. जुरी तेव्हा बावीस-तेवीसची असेल. पोराचं नाव लालसू, वय चार. किटवर मेंदूवाला मलेरिया. पहिली गोळी मी स्वतः पाण्यात कालवून पाजली, त्यानं माझ्या शर्टावर थुंकली, मी पिशवीतल्या दुसऱ्या पाकिटातली आणखी एक पाजली. मोठं जिद्दी पोर होतं. नाल्याला घोट्याएवढं पाणी होतं, म्हणजे दुसऱ्या दिवशी यायला काहीही अडचण नव्हती.

पण माझाही पोरगा चारच वर्षांचा होता. उशिरा झालेला, एकुलता एक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं तान्हा पोळा असतो. लहान पोरं लाकडाचे बैल सजवून मिरवतात. त्याला फेटा बांधून मिरवायला न्यायचं मी कबूल केलं होतं. सुटी मंजूर नव्हती. मी दारामागच्या तक्त्यावर तिन्ही खुणा केल्या, उरलेलं पाकीट जुरीच्या हाती दिलं, "उद्या एक, परवा एक" असं घाईघाईनं सांगितलं आणि आलापल्लीकडं जाणारी गाडी गाठली.

त्या घरात आणखी दोन पोरं तापानं पडली होती, जुरीच्या जावेची. त्यांचं रक्त घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, परत आल्यावर घेऊ.

माडियांच्या घरात एक रीत आहे, आणि ती मला चांगली माहीत होती. तिथं काहीही येवो, त्याचे वाटे पडतात. एक ससा मिळाला तरी घराघराचा वाटा सारखा. मूठभर मोहाची फुलं असली तरी तसंच. एका पोराच्या तोंडात घास घालायचा आणि शेजारी दोघं बघत बसलेत, हे तिथल्या बाईच्या हातून होणार नाही. तीन पोरं तापली आणि गोळ्या आल्या, तर तिनं काय करावं? तिनं दगडानं गोळ्यांचे तुकडे केले आणि तिघांना दिले. आपल्या पोराला जास्त तुकडा दिला नाही, हे तिनंच मला नंतर सांगितलं, अभिमानानं नव्हे, जसं घडलं तसं.

मी चौथ्या दिवशी परत आलो तेव्हा नाल्यावरच मला ती मंडळी भेटली. लालसूला झटके येत होते आणि त्याला खाटेवर घालून केंद्राकडं आणत होते. मी खाटेचा एक खूर धरला. पोर अर्ध्या वाटेत गेलं. जावेची दोन्ही पोरं वाचली.

आठ दिवसांनी डॉक्टर बालमृत्यूच्या चौकशीला आले. नवे होते, भले होते, पण त्यांना माडिया भाषा येत नव्हती. गावात कुणाला धड मराठी येत नव्हती, शिकणारी पोरं आश्रमशाळेत. दोन्ही भाषा येणारा माणूस एकच, तो मी. जुरी अंगणात बसलेली. तिची सासू शेजारी, शेजारपाजारचेही जमलेले. डॉक्टर मला म्हणाले, "यांना विचारा, तुम्ही दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी गोळ्या द्यायला आला होता का?"

 मग मी जुरीकडं वळलो आणि माडियात विचारलं, "गोळ्या तू तिघायले वाटल्या का?"

तिनं मान हलवली. हो.

डॉक्टरांनी लिहून घेतलं, कर्मचारी आले होते. मग म्हणाले, तरी गुण कसा आला नाही? मी म्हटलं, "साहेब, पोर झोपलेलं होतं म्हणून गोळी आईच्या हाती दिली, तिनं माझ्यामागं वाटून टाकली." त्यांनी तेही लिहिलं. निघताना हळहळून म्हणाले, "बाईंना समजावा हो, औषध असं वाटायचं नसतं." हे एक वाक्य मात्र मी तिला शब्दाला शब्द सांगितलं.

लेको, वाचताना तुमच्या अंगावर काटा आला असेल तर येऊ द्या. माझ्या अंगावर तेव्हा आला नव्हता. मी सुटलो, एवढंच वाटलं. त्यानंतर मी खूप चांगलं काम केलं. खोटी खूण पुन्हा एकदाही केली नाही, गळ्याएवढ्या पाण्यातून गेलो, किती पोरं वाचवली. वाटलं, फिटलं. त्या गावाची भेट मात्र दरवेळी जोडीदाराकडं ढकलायचो, आणि पुढं बदली मागून घेतली.

निवृत्तीनंतर हे सगळं वर आलं. सुटीनंतर पोराला हॉस्टेलवर सोडून आलो आणि रिकामा बसलो, तसं वर आलं. जेवताना गोळी घ्यायची तर घशाखाली उतरेना. बीपीची एवढीशी गोळी हो! मित्र म्हणाले, भजनाला चल. गेलो. कुणी म्हणालं, हास्यक्लब. तिथंही गेलो, सकाळी साठीतली वीस माणसं मैदानात खोटं खोटं हसत होती आणि मी त्यांच्यात सर्वात जोरात. शेवटी दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला गेलो. बोलायचं नाही, डोळे मिटून श्वास बघायचा. शिकवणारे गृहस्थ खरोखर चांगले होते. म्हणायचे, जे येईल ते येऊ द्या, धरू नका, सोडून द्या. मला लालसू यायचा, शर्टावर थुंकलेला. सोडून दे म्हटलं की तो जायचा, पण त्याच्यामागं जुरी बसलेली असायची, मान हलवत.

सहाव्या दिवशी मी गुरुजींना चिठ्ठी लिहिली, की सोडून द्यायला ते माझं एकट्याचं असायला पाहिजे ना? त्यांनी प्रेमानं उत्तर दिलं, स्वतःला क्षमा करा. आता काय बोलावं! मी स्वतःला सतरा वर्षं क्षमाच करत आलो होतो. दुसरं केलंच काय होतं? सातव्या दिवशी पिशवी उचलून घरी आलो.

बायकोला तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं, सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मले काऊन सांगून राह्यले? त्या बाईले सांगतलं का?"

"ती काय म्हणेल?"

"ते तिले ठरवू द्या न जी. तुमी इथी माळ ओढून राह्यले, अन् ती तिकडं बसली हाये."

खरं सांगतो, तिचा राग आला. मी तिच्याकडून थोडं पांघरूण मागत होतो आणि तिनं अंगावरचं होतं तेही ओढून घेतलं. महिनाभर आम्ही धड बोललो नाही. मग उन्हाळ्यात मी गेलो.

गावापर्यंत आता रस्ता झालाय. घरं मात्र तेवढीच. जुरी अंगणात टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, वाळत घालत होती. मी जोहार केला. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि म्हणाली, "रक्तवाला दादा. बुढ्ढा झाला तू." पुढचं बोलणं माडियात झालं, मी ते आमच्या झाडी बोलीत लिहितोय, तिच्यात बायाही 'मी करतो' असंच म्हणतात.

मी मनाशी ठरवून गेलो होतो, की तिला बाजूला घेऊन हळूच सांगायचं. झाडाखाली बसून, शांतपणे. ती रडेल, मी रडेन, मग ती काहीतरी चार शहाणे शब्द बोलेल, जंगलातली माणसं बोलतात असं आपण पुस्तकांत वाचतो तसे, आणि मी हलका होऊन घरी येईन. माणूस म्हातारा झाला तरी किती मतलबी असतो बघा.

मी सांगितलं. डॉक्टर काय विचारत होते आणि मी काय विचारलं. गोळ्या रोज येऊन चारायचं काम माझं होतं, तिचं नव्हतंच. मी आलो असतो तर गोळ्या तिच्या हाती गेल्याच नसत्या, आणि त्या दोन पोरांनाही त्यांच्या त्यांच्या गोळ्या मिळाल्या असत्या.

ती वाळत घालायची थांबली. रडली नाही.

"डॉक्टरानं मले गोळ्यायचं नाई विचारलं?"

"नाई."

"तो एवढ्या दुरून आला, अन् पह्यलं तेच विचारलं. मी समजलो, का हेच खरं हाय. मोठा डॉक्टर हाय, त्याले मालूम असंन. मीच मारलो माह्या पोराले."

मी मान खाली घातली. तिच्याकडं बघवेना.

"सतरा वर्सं," ती म्हणाली. "त्या दिवसापासून सासूनं मले पेजेच्या गंजाले हात नाई लावू देल्ला. ह्या बाईले वाटता येत नाई म्हणे. घरात मी शिजवतो, वाढते जाऊ. सणाले गावजेवणात मी पानं टाकतो, वाढत नाई. दुसऱ्याच्या पोराच्या हाती काही देल्लं त त्याची माय मले पायते. तुले मालूम हाय का?"

मला कुठून मालूम असणार? मी सतरा वर्षं माझ्या मनाची काळजी करत होतो. कुठं दुखतं, किती दुखतं, ध्यानानं कमी होतं का. माझ्या एका वाक्यानं तिच्या हातून वाटायचं काम काढून घेतलं, आणि त्या गावात बाईच्या हातून ते गेलं की काय उरतं, हे माझ्याएवढं कुठल्या सरकारी माणसाला कळायला हवं होतं! आणि मला ते एकदाही सुचलं नाही.

ती उठली. "चल," म्हणाली.

घरात सासू खाटेवर होती. फार म्हातारी झालेली, डोळे शाबूत, कान गेलेले. जुरी तिच्या उशाशी उभी राहिली आणि मला म्हणाली, "इले सांग. जोरानं सांग, इले आयकू येत नाई."

मी सांगू लागलो. म्हातारी कानाला हात लावून "आं?" करी. मी आणखी जोरात सांगे. पुन्हा "आं?" शेवटी मी अक्षरशः ओरडत होतो. जे मला झाडाखाली कुजबुजायचं होतं ते मी छपराखाली बोंबलून सांगत होतो, आणि आवाज ऐकून दारात माणसं गोळा झाली होती.

"डॉक्टरानं इले गोळ्यायचं नाई विचारलं! मी आलतो का, ते विचारलं! मी नाई आलो! गोळ्या मीच चारायच्या होत्या! मी घरी गेलतो, तान्ह्या पोळ्याले!"

"काय?" म्हातारी म्हणाली. "ते काय असते?"

आता तेही सांगायचं.  "लहान पोरं लाकडाचा बैल घेऊन फिरतेत! माह्या पोराचा बैल होता!"

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लाकडाचा बैल?"

"हो."

 तिनं माझ्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. जुरीनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तो तिनं झटकला नाही.

मला वाटलं, झालं. मी पिशवी उचलली. पण जुरी बाहेर आली आणि पायांत चपला घालू लागली. म्हणाली, "वीस घरं बाकी हायेत. सारे बोलले मले. सारायच्या घरी सांग."

त्या दिवशी उन्हं उतरेपर्यंत अकरा घरं झाली. ती पुढं, मी मागं. दारात जाऊन ती नुसती उभी राहायची, मी सांगायचो. कुणी शिवी दिली. कुणी ऐकून पाणी दिलं. एकानं, तो तेव्हा चौकशीच्या वेळी अंगणात होता, मला तीन वेळा तेच सांगायला लावलं आणि मग जुरीला म्हणाला, "बाई, आमी चुकलो." ती पुढच्या घराकडं चालू लागली. पाय इतके दुखत होते, पण थांबूया असं म्हणायची सोय नव्हती. मुक्काम गावातच केला. उरलेली नऊ घरं सकाळी झाली.

शेवटचं घर आटोपून आम्ही तिच्या अंगणात परत आलो तेव्हा घरची सगळी मंडळी पेजेला बसली होती. पेजेचा गंज, आपलं पातेलं, मधे होता, जाऊ वाढायला वाकली होती. बाहेर आणलेल्या खाटेवरून म्हातारी ओरडली, "तू सरक. तिले वाढू दे."

 जुरी बसली आणि वाढू लागली. दोनदा सांडलं, तरी सगळ्यांनी द्रोण पुढंच धरले. जावेच्या दोन पोरांपुढं आधी वाढलं. आता बाप्ये झालेत ते. मग बाकीच्यांना. सर्वात शेवटी एक पानांचा द्रोण तिनं माझ्यापुढं ठेवला. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, मी विचारलंही नाही. मी द्रोणात पाहिलं. पेज सगळ्यांइतकीच होती, थेंब कमी नाही की थेंब जास्त नाही, आणि मला रडू आलं.